बाटलीतली घोडी

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मराठी चौथीच्या पुढे गेलेलं नाही; लिहिणं हा आमचा धंदा नव्हे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचं मी नुकसान केलेलं आहे, आणि नुकसान करणाऱ्यानंच गुण गायला बसावं हे बरं दिसत नाही. वाचकांनी क्षमा करावी. मी गुण गाणार नाही. गाण्यासारखे गुण त्यांच्यात फारसे नव्हतेही.

धुळ्याला एका गुरांच्या दवाखान्यात ते डॉक्टर होते. पायरीवर कुणी चढलं की नमस्काराच्या जागी ते विचारत, “काय खोटं सांगायला आलात?” बैल लंगडतो म्हणून कुणी आला की ते बैलाकडे न बघता त्या माणसाकडेच बघत राहत. “दोन दिवसांपासून लंगडतो म्हणता? खुराला सांगता येत नाही म्हणून बरं. महिना झालाय.” बहुतेक वेळा महिनाच झालेला असे. त्यामुळे लोक जास्तच चिडत. लंगडा बैल घेऊन आलेला माणूस बरा बैल आणि दुखावलेलं मन घेऊन परत जाई, आणि गावी जाऊन बैलाचं न सांगता मनाचंच सांगे.

लोक त्यांना तेजाब डॉक्टर म्हणत. त्यांच्या मागच्या खोलीत तेजाबाच्या बरण्या असत, हे एक कारण. दुसरं कारण दवाखान्यात जाऊन आलेल्या कुणालाही विचारावं.

मी पहिल्यांदा गेलो तो वडिलांबरोबर, आमच्या घोडीचा खूर दाखवायला. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊंनी अभिमानानं सांगितलं की पोरगा अमळनेरला नव्या कॉलेजात सायन्स शिकतो. डॉक्टरांनी खूर खाली ठेवला आणि मला विचारलं, “बेंझीन पाण्यावर तरंगतं की बुडतं?”

“तरंगतं.”

“कशावरून?”

“पुस्तकात आहे.”

“पुस्तकात तुझा बापही नाही. म्हणून तो नाही का? डोळ्यांनी बघितलंस कधी?”

मी बघितलं नव्हतं. कॉलेज नुकतंच निघालेलं, प्रयोगशाळेत कपाटं जास्त आणि काचसामान कमी. डॉक्टरांनी मला मागच्या खोलीत नेलं, नळीत पाणी आणि बेंझीन ओतून डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, “आता म्हण तरंगतं.” त्या मे महिन्यात मी मावशीकडे धुळ्यालाच राहिलो आणि रोज त्या खोलीत जाऊ लागलो. ते मला आवडत होते असं नाही. पण शिकवत होते, आणि आमच्यासारख्याला शिकवणारा माणूस आवडावा अशी चैन परवडत नाही.

त्या खोलीत ते एक काम करत, जे आमच्या साऱ्या खानदेशात दुसरं कुणी करत नसेल. घोडी गाभण आहे की नाही, हे ते तिच्या मुतावरून सांगत. सकाळचं मूत गाळायचं, त्यात तेजाब घालून उकळायचं, निवलं की बेंझीन घालून घुसळायचं. वर तरंगलेलं बेंझीन दुसऱ्या नळीत काढायचं, त्यात जपून गंधकाचं तेजाब सोडायचं, पुन्हा कोमट करायचं आणि थंड होऊ द्यायचं. घोडी गाभण राहून चार-पाच महिने उलटले असतील तर तळाच्या तेजाबात हिरवी झाक चमकते. नसेल तर नुसता तपकिरी गढूळपणा. झाक बघायची वेळ दहाची, कारण तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून ऊन तिरपं येई. खिडकीजवळच्या भिंतीला त्यांनी काळं फडकं खिळ्यांनी ठोकलेलं होतं. त्या फडक्यापुढे नळी धरून ते एक डोळा मिटून उभे राहत, आणि तेवढा वेळ कुणालाही टाकून बोलत नसत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “अंगणातली घोडी फसवते. तिचा मालक फसवतो. पोटावर थाप मारून सांगणारा घोड्यांचा वैद्य, साळोत्री, तर पोटासाठीच फसवतो. बाटलीतली घोडी फसवत नाही.” तापीकाठच्या यात्रेत घोड्यांचे व्यापारी रिकामी घोडी पेंड-पाणी पाजून फुगवतात आणि गाभण म्हणून खपवतात, याचा त्यांना विलक्षण राग. एका व्यापाऱ्याच्या तोंडावर त्यांनी भर यात्रेत सांगितलं होतं, “घोडीपेक्षा तुमचंच पोट तपासायला द्या. काहीतरी निघेल.” त्या दिवसापासून व्यापारी त्यांच्यावर टपून होते. मुतऱ्या डॉक्टर हे दुसरं नाव त्यांनीच पाडलं.

काचेच्या नळ्या ते स्वतः धूत. मी धुतल्या तर पुन्हा धूत, माझ्या देखत, एक शब्द न बोलता. बोलले असते तर बरं वाटलं असतं. दुपारी त्यांच्या बहिणीकडून, यावलच्या बाजूनं आलेली केळी असत. एक सोलून अर्धं माझ्यापुढे ठेवत. “खा. उपाशी माणसाकडून काम करून घेतलं तर पाप लागतं म्हणतात. माझा विश्वास नाही. पण खा.”

आता घोडीविषयी सांगायला हवं.

तिचं नाव लाखी. ती आमची नव्हती. धुळ्याजवळच्या एका मोठ्या जमीनदारानं ती भाऊंना वाट्यानं दिली होती. आमच्याकडे ही जुनी रीत आहे: जनावर त्याचं, चारा आमचा, काम आम्ही घ्यायचं. चैत्रात मालक तिला आपला घोडा लावून परत पाठवणार. घोडी गाभण राहिली तर ती त्याच्या पागेत जायची, आणि शिंगरू अंगावरून तोडेपर्यंत तिकडेच राहायची. म्हणजे वर्षभर तरी. रिकामी राहिली तर पुढच्या चैत्रापर्यंत आमच्याकडे.

भाऊंचा उजवा पाय गाडीखाली सापडून कायमचा वाकडा झालेला आहे. पारोळ्याच्या बाजूला आमचं गाव आहे, आणि शेत गावापासून तीन मैल. लाखी होती म्हणून भाऊ रोज शेत बघत होते. लाखी ओट्याला अंग लावून उभी राहायची, भाऊ बसेपर्यंत कान हलवायची नाही. ती गेली तर भाऊ घरात बसणार, आणि घरात बसलेला शेतकरी किती दिवस शेतकरी राहतो हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

दिवाळीला मालकाचा निरोप आला: गाभण असेल तर तिच्यावर कुणी बसायचं नाही, ताबडतोब पाठवायची, धुळ्याच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. डॉक्टर नमुना कुणाच्याही हातून घेत नसत. स्वतः जात, नाहीतर आपला माणूस पाठवत. यावेळी मला त्यांचं पोस्टकार्ड आलं. त्यात एकच ओळ होती: “नमुना तूच आण, म्हणजे मला यायला नको.”

मी सकाळी लाखीपुढे शीळ घालत उभा राहिलो. घोड्यापुढे शीळ घातली की तो मुततो, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. लाखीनं ऐकलं. मी तांब्या धरला. तेवढ्यात भाऊ काठी टेकत आले, तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले आणि तांब्याकडे बघत म्हणाले, “पोऱ्या, हाई आठेच ऱ्हाई असं काई तुन्ही इद्यामा शे का?”

ही इथंच राहील असं तुझ्या विद्येत काही आहे का, एवढंच. भाऊंनी माझ्याकडे त्याआधी कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, “बघतो.”

ते गेल्यावर मी तांब्या उकिरड्यावर ओतला आणि शेजारच्या आप्पांच्या गोठ्यात गेलो. आप्पांचा लाल घोडा चांगला अंडील, खच्ची न केलेला, आसपासच्या घोड्यांशी लाथाळी करणारा होता. त्याच्यापुढे शीळ घातली. त्यानंही ऐकलं. बाटली भरून मी बूच लावलं आणि वर चिठ्ठी डकवली: लाखी. माझा हिशोब सरळ होता. नर काही गाभण निघणार नाही, एवढं कळायला सायन्स लागत नाही. नळीत तपकिरी गढूळपणा दिसेल, डॉक्टर ‘रिकामी’ म्हणून लिहितील आणि घोडी घरी राहील.

सर्व्हिस मोटारीनं दहाच्या बऱ्याच आधी धुळ्याला पोहोचलो. उकळणं, गाळणं, सगळं माझ्यासमोर झालं. बेंझीन मीच घुसळलं. मग ते नळी घेऊन खिडकीशी गेले, काळ्या फडक्यापुढे धरली आणि एक डोळा मिटला. नेहमीपेक्षा जास्त वेळ तो मिटलेलाच होता.

“इकडे ये,” ते म्हणाले.

तळाशी हिरवी झाक होती. नुसती झाक नव्हे; पोपटाच्या पंखावर ऊन पडावं तसा तो रंग नळीतून बाहेर येत होता.

“नीट बघून ठेव,” ते म्हणाले. “पंधरा घोड्या मिळून एवढी झाक मी पाहिलेली नाही. घोडी आहे की काय आहे.” मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. नोंदवहीत त्यांनी ‘गाभण’ लिहिलं आणि खाली रेघ ओढली. त्या दुपारी त्यांनी मला अख्खं केळं दिलं.

मी ते खाल्लं. काय म्हणणार होतो? झाक खोटी आहे म्हटलं तर कशावरून म्हणून त्यांनी विचारलं असतं, आणि ‘कशावरून’ हा प्रश्न ते कधी सोडत नसत. परतीच्या मोटारीत मी मनाची एक समजूत घातली. घोडाही जिथं गाभण निघतो ती परीक्षा परीक्षाच नव्हे, हा म्हातारा इतकी वर्षं लोकांना नळ्या दाखवून बनवतोय, आणि खोट्या परीक्षेला मी खोटा नमुना दिला तर बिघडलं कुठं? मला त्यांचा इतका राग आला की माझं स्वतःचं करणं त्याच्याआड दिसेनासं झालं. तो राग मी सहा महिने जपला.

चौथ्या दिवशी मालकाची माणसं लाखीला घेऊन गेली. भाऊ ओट्यावर बसून होते. ते एवढंच म्हणाले, “तुना काई इलाज नही, पोऱ्या.”

फाल्गुन गेला, चैत्र गेला, वैशाख लागला. घोडी अकरा महिन्यांत विते. तेरा होत आले तरी लाखी व्याली नाही. ती गाभण नव्हतीच. म्हणजे त्या सकाळी तांब्यात होतं ते मी उकिरड्यावर ओतलं नसतं, तर नळीत तपकिरी गढूळपणाच दिसला असता आणि घोडी आमच्या दारातून हललीच नसती.

परीक्षा देऊन मी पुन्हा धुळ्याला आलो होतो. दवाखान्यात मी कोणत्या तोंडानं गेलो हे विचारू नका. न जाणं जास्त उघडं पडलं असतं. एका सकाळी मालकाचे कारभारी चार माणसं घेऊन पायरी चढले. एकाच्या डोक्यावर पितळी पातेलं. अंगणात जनावरं घेऊन आलेले वीसेक लोक बसले होते, दोन व्यापारीही होते. नेहमीचा प्रश्न विचारायला डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण कारभारीच आधी बोलले.

“खोटं सांगायला नाही आलो, डॉक्टरसाहेब. बारशाच्या घुगऱ्या आणल्यात. आमची घोडी आपल्या बाटलीत व्याली ना? मुलगा की मुलगी तेवढं सांगा, नाव ठेवायचंय.”

पातेलं उतरलं. शिजवलेल्या गव्हाच्या घुगऱ्या साऱ्या अंगणात मुठी-मुठीनं वाटल्या गेल्या. लोक हसत खात होते. एक व्यापारी म्हणाला, “डॉक्टर, पाळणा आम्ही देऊ. बाटली मावेल एवढाच करतो.” डॉक्टरांच्या हातावरही एक मूठ पडली. त्यांनी ती फेकली नाही. टेबलावर, नळ्या उभ्या ठेवायच्या लाकडी घोडीशेजारी, कागदावर काढून ठेवली आणि पुढच्या माणसाला विचारलं, “बैलाला काय झालंय?” त्या दिवशी त्यांनी कुणालाही खोटं काय सांगायला आलात, असं विचारलं नाही.

दुपारी खोलीत आम्ही दोघेच होतो. केळं सोलायला घेऊन ते थांबले.

“नमुना घोडीचाच होता ना?”

“हो, डॉक्टरसाहेब.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘कशावरून’ म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी मान हलवली, आणि अर्धं केळं माझ्यापुढे ठेवलं. साऱ्या जिल्ह्यात त्यांनी न तपासता खरं मानलेलं हे एकच वाक्य असेल.

पुढचे आठ दिवस ते चूक शोधत होते. तेजाबात शोधली. लढाईनंतर मुश्किलीनं मिळवलेलं बेंझीन बशीत उडवून तळाशी काही राहतं का ते पाहिलं. नळ्या पुन्हा धुतल्या. शेवटी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “यातून बघ, हिरवं दिसतं का?” दिसत नव्हतं. नवव्या दिवशी त्यांनी बरण्या फडताळात ठेवून कुलूप लावलं आणि भिंतीवरचं काळं फडकं उपटलं. खिळ्यांची भोकं तेवढी राहिली.

“तू तुझा अभ्यास कर,” ते मला म्हणाले. “इथं शिकण्यासारखं काही नाही. वीस वर्षं मी माणसांना खोटं म्हणत होतो. खोटी माझी बाटली निघाली.”

मी पायरी उतरलो. आमची ती शेवटची भेट.

मालकानं रागाच्या भरात लाखी विकून टाकली. पावसाळ्याच्या तोंडी मी कामासाठी जळगावला गेलो होतो, तेव्हा मेहरूणकडून आलेल्या एका टांग्याला ती जुंपलेली दिसली. मी जवळ जाऊन हळूच शीळ घातली. तिनं कान हलवला. टांगेवाला माझ्यावर ओरडला, कारण रस्ता त्याला ओला नको होता.

त्याच पावसाळ्यात आमच्या रसायनाच्या प्राध्यापकांनी मला एक जाड इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं. प्राण्यांच्या शरीरात कोणती द्रव्यं तयार होतात, याचं ते पुस्तक. डिक्शनरी शेजारी घेऊन मी रोज तीन-चार पानं वाचत असे. एका पानावर गाभण घोडीच्या मुतातल्या त्या द्रव्याविषयी होतं, ज्यानं हिरवी झाक येते. आणि खाली लिहिलं होतं की नवलाची गोष्ट अशी, हे मादीचं द्रव्य सर्वांत जास्त सापडतं ते अंडील घोड्याच्या मुतात. असं का, ते अजून कुणाला नीट सांगता येत नाही.

ते वाक्य मी डिक्शनरीतून पुन्हा पुन्हा तपासलं. अर्थ बदलला नाही. बाटली खोटी नव्हती. तिला जे पाजलं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं होतं. खोटी फक्त तिच्यावरची चिठ्ठी होती, आणि ते अक्षर माझं होतं.

श्रावणात देश स्वतंत्र झाला. कॉलेजवर झेंडा चढला, पेढे वाटले, मुलं अमळनेरच्या रस्त्यांतून गात फिरली. मी खोलीत बसून डॉक्टरांना लिहायच्या पत्राचा चौथा कागद फाडत होतो. पाचवा टपालात टाकला. त्यात मी काहीच लपवलं नाही: तांब्या, उकिरडा, आप्पांचा घोडा, भाऊंचा पाय, केळं. पुस्तकातलं वाक्य इंग्रजीत उतरवून दिलं. क्षमा मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी ‘कशावरून’ म्हणून विचारलं असतं.

उत्तर आलं नाही. गणपती गेले, नवरात्र गेलं. मी उत्तराची वाट बघणं सोडलं, आणि हे लिहून ठेवायचं ठरवलं. इथपर्यंत लिहून झालं आणि दिवाळीला मी घरी आलो. भाऊंना मी अजून काही सांगितलेलं नव्हतं.

भाऊ आदल्याच दिवशी बैलाचा डोळा दाखवायला धुळ्याला जाऊन आले होते. संध्याकाळी ओट्यावर पाय चोळत बसले आणि म्हणाले, “तो तेजाब डॉक्टर पुरा येडा व्हयी ग्या रे.”

मी विचारलं, काय झालं.

भाऊ सांगू लागले. डॉक्टरांनी बैलाकडे बघितलंच नाही, आधी मागच्या खोलीत ओढत नेलं. खिडकीजवळ भिंतीला काळं फडकं ठोकलेलं, आणि टेबलावर ओळीनं नळ्या उभ्या. गेले दोन महिने डॉक्टर स्वतः बादली घेऊन धुळ्यातल्या टांगेवाल्यांच्या दारी सकाळी जाऊन उभे राहतात, घोड्यांपुढे शीळ घालतात. लोक हसतात. आपल्या माणसाच्या हातचीही बाटली ते आता घेत नाहीत. एक नळी त्यांनी भाऊंच्या डोळ्यांसमोर धरली आणि निरोप दिला. तो चुकू नये म्हणून भाऊंकडून दोनदा म्हणून घेतला.

“काय निरोप?”

“तुना पोऱ्याले सांग, सात अंडील घोडा तपासात. साती गाभण शेत.” सातही घोडे गाभण, असं भाऊंनी बोटांवर मोजून दाखवलं. “आनि हासत व्हता रे तो. माले आख्खं केळं दिनं.”

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय चोळायचं थांबवलं.

“घोडा कधी गाभण ऱ्हास का रे, पोऱ्या?”

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसलो, आणि त्या सकाळच्या तांब्यापासून सांगायला सुरुवात केली.